जपानांतील दुय्यम गुरुजी

गेल्या वर्षीं चैत्रांत आमच्या घरीं एक लहानसें वादळ उठलें. धाकट्या बंधूंची कन्या, आमच्या कुळांतील इंग्रजीची पहिली एम्. ए., हिची जपानांतील सरकारी शाळांत इंग्रजी शिकविण्याच्या कामीं निवड झाल्याचें पत्र आलें. पहिल्या दिवशीं पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशीं बंधूंनीं तें पत्र चष्मा लावून पुन्हा वाचलें आणि हुद्द्याच्या नांवापाशीं ते अडखळले. हुद्दा होता असिस्टंट लँग्वेज टीचर. "एम्. ए., बी. एड्. होऊन, दोन वर्षें येथें स्वतंत्र वर्ग चालवून, परदेशीं जायचें तें दुसऱ्याच्या हाताखालीं दुय्यम मास्तरीण व्हायला?" असें ते म्हणाले. तिची आई कांहींच बोलली नाहीं. ती त्या दिवसापासून जरा गप्पच झाली. आमच्या मातोश्रींचें वय आज अठ्ठ्याऐंशी आहे, त्यांनीं एवढेंच विचारलें, "तिथें ही खाणार काय?" आणि जिच्यावरून हें सारें चाललें होतें ती मुलगी संध्याकाळीं माझ्यापाशीं येऊन म्हणाली, "मोठे काका, तुम्ही अडतीस वर्षें मास्तरकी केलीत. जावें कीं न जावें तें मागाहून सांगा. गेलें तर हें काम चांगलें कसें करावें, तें आधीं सांगा."

हा क्रम मला आवडला. घरोघरीं आज मुलें-मुली परदेशाचीं स्वप्नें पाहतात, व जाण्या-न जाण्याचाच खल रात्ररात्र चालतो; गेल्यावर हातांतलें काम उत्तम कसें व्हावें याचा विचार क्वचित् होतो. म्हणून त्या प्रश्नाचें जें उत्तर मीं शोधलें, व गेल्या वर्षभरांत तिनें तेथून जें कळविलें, तें दोन्ही या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम हें काम काय आहे तें पाहूं. जपानी मुलें शाळेंत वर्षानुवर्षें इंग्रजी शिकतात, परीक्षाही चांगल्या देतात. पण परका मनुष्य समोर आला कीं त्यांची वाचा बसते, ही त्या देशाची जुनी तक्रार आहे. ती दूर व्हावी व खेड्यापाड्यांतील मुलांनाही परदेशी मनुष्याचा सहवास घडावा, या हेतूनें जपान सरकारनें १९८७ सालीं जेट नांवाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षीं चार इंग्रजी भाषिक देशांतून ८४८ तरुण आले. तेव्हांपासून सत्तर हजारांहून अधिक तरुण या योजनेंतून जपानांत राहून आले आहेत, आणि देशांची यादी वाढत जाऊन तींत भारत, फिलिपिन्स, सिंगापूर, जमैका अशा देशांचाही समावेश झाला. भारतांतून जाणारांची संख्या अद्याप लहान आहे. पदवी असली म्हणजे पुरते. अध्यापनाची सनद लागत नाहीं. करार एक वर्षाचा, आणि उभयपक्षीं मान्य असल्यास तो पांच वर्षांपर्यंत वाढवितां येतो. या योजनेशिवाय गांवोगांवच्या शिक्षण-मंडळांनीं स्वतः नेमलेले किंवा मध्यस्थ कंपन्यांनीं पाठविलेले सहायकही पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकीं कित्येकांचें वेतन कमी असतें, आणि कांहींना लांब सुट्यांचा पगार मिळत नाहीं. म्हणून ज्यांचीं मुलें त्या वाटेनें जाणार असतील त्यांनीं कराराचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

२०११ सालीं पांचव्या व सहाव्या इयत्तेंत परभाषेचा परिचय सक्तीचा झाला. २०२० पासून त्याच इयत्तांत इंग्रजी हा रीतसर विषय झाला व परिचयाचे तास तिसरी-चवथीपर्यंत खालीं आले. वर्षाला तिसरी-चवथीस ३५ तास आणि पांचवी-सहावीस ७०. त्यामुळें प्राथमिक शाळांतही या सहायकांची गरज वाढली. मात्र वर्गाची जबाबदारी कायद्यानें सनद असलेल्या जपानी शिक्षकाची. परदेशी शिक्षक त्याच्या जोडीला उभा राहतो. एका फळ्यापुढें दोन शिक्षक, असा हा प्रकार आहे.

आतां 'सहायक' या शब्दाकडे वळूं. कारण आमच्या बंधूंच्या मनांतील काटा तोच होता. संस्कृतांत 'सहाय' शब्दाची व्युत्पत्ति 'सह' आणि गत्यर्थक धातु यांपासून सांगतात. जो बरोबर चालतो तो सहाय. हाताखालचा, कमी दर्जाचा, हा अर्थ त्या शब्दांत मुळांत नाहीं. तो आपल्या कचेऱ्यांनीं त्यास चिकटविला. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'मध्यें गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचें भांडण आहे. दोघांत श्रेष्ठ कोण, हें ठरविण्यासाठीं त्यांना स्वतः नाचायला सांगत नाहींत. त्यांच्या शिष्यांना नाचायला लावतात. कारण स्वतःला येणें ही एक कला आणि दुसऱ्याच्या ठायीं तें उतरविणें ही दुसरी, हें परिव्राजिका कौशिकीनें ओळखलें आहे. दोन गुरु एका वर्गांत उभे राहिले कीं पहिला कोण व दुसरा कोण हा प्रश्न गुरूंना पडतो. मुलांना तो पडत नाहीं.

हें सर्व मीं मोठ्या विद्वत्तेनें बंधूंना सांगितलें आणि त्यांचें समाधानही झालें. परंतु माझें झालें नाहीं. व्युत्पत्ति मला तरुणपणींही ठाऊक होती. तिनें मला शहाणें केलें नव्हतें. म्हणून त्या रात्रीं पुतणीला मीं एक गोष्ट सांगितली, जी मीं घरीं कधीं बोललों नव्हतों.

तीसेक वर्षांपूर्वीं एका शाळेंत मी सातव्या इयत्तेस इंग्रजी शिकवीत असें. खापरखेड्याचें वीजकेंद्र आणि आसपासच्या कोळशाच्या खाणी यांमुळें या भागांतील वर्गांत नाना प्रांतांचीं मुलें असतात. कोणाच्या घरीं मराठी, कोणाच्या घरीं हिंदी, तर कोणाच्या घरीं छत्तीसगढी. एका वर्षीं माझ्या जोडीला एक तरुण उमेदवार शिक्षक देण्यांत आला. मीं त्याला काय काम दिलें? फळा पुसणें, वह्या गोळा करणें, आणि मी खूण करीन तेव्हां धडा मोठ्यानें वाचून दाखविणें. एकदां मी कार्यालयांत गेलों असतां त्यानें आपण होऊन तास पुढें चालविला. परत येऊन दाराशीं उभा राहिलों, तों शेवटच्या बाकावरचा, सहा महिने तोंड न उघडलेला एक मुलगा उभा राहून बोलत होता, "माय फादर गो माइन नाइट." क्रियापदाचा प्रत्यय गळाला होता, अव्ययें गळालीं होतीं, परंतु आपला बाप रात्रीं खाणींत उतरतो, ही आपल्या घरची गोष्ट त्या मुलानें परक्या भाषेंत सांगितली होती, आणि तो तरुण शिक्षक मान डोलावीत ऐकत होता. मी आंत शिरलों. तें वाक्य फळ्यावर शुद्ध करून लिहिलें आणि मुलांसमक्ष त्या शिक्षकास म्हणालों, "चूक ऐकून मान डोलावणें म्हणजे शिकविणें नव्हे." तो कांहीं न बोलतां फडकें घेऊन फळ्यापाशीं जाऊन उभा राहिला. मुलगा खालीं बसला. वर्ष संपेपर्यंत तो माझ्या तासाला पुन्हा बोलला नाहीं. व्याकरण माझेंच बरोबर होतें.

पुतणीनें सर्व ऐकून घेतलें व विचारलें, "त्या शिक्षकांचें पुढें काय झालें, काका?" मला ठाऊक नव्हतें. मीं चौकशी केली नव्हती.

तेव्हां पुढें जें लिहीत आहें, तें आदर्श मुख्य शिक्षकाचें बोल नव्हेत. सहायकाला कसें वागवूं नये हें ज्यानें करून पाहिलें आहे, त्याचे ते आहेत, असें वाचकांनीं समजावें.

पहिली गोष्ट तासापूर्वींची. जपानी शाळेंत सर्व शिक्षक एका मोठ्या दालनांत बसतात. प्रत्येकाचें टेबल तेथेंच असतें. सकाळीं त्या दालनांत शिरतांना मोठ्यानें अभिवादन करावयाचें, हा तेथील पहिला धडा. पुतणीला मीं सांगितलें होतें, "मुख्य शिक्षकाला 'मी काय करूं' असें विचारूं नकोस, त्यानें त्याच्यावर एक काम वाढतें. 'आज तास संपल्यावर मुलांच्या तोंडीं कोणतें वाक्य यावें असें तुम्हांस वाटतें,' एवढें विचार." हा प्रश्न तिला फार उपयोगी पडला. जपानी शिक्षक खेळांचे संघ सांभाळतो, पालकांस भेटतो, कागद भरतो. लांब चर्चेस त्याला वेळ नसतो. पण एका वाक्याचें उत्तर तो जिन्यावरून जातां जातां देतो, आणि त्या उत्तरावर तास उभा करतां येतो.

दुसरी गोष्ट तासांतली. मुख्य शिक्षकाला मुलांसमक्ष कधींही सुधारूं नये. त्याचें इंग्रजी अडखळत असेल, उच्चार जपानी वळणाचे असतील. पण वर्गांतील चाळीस मुलांच्या दृष्टीनें तो जगांतील सर्वांत महत्त्वाचा इंग्रजी बोलणारा आहे, कारण तो त्यांच्यासारखाच जपानी असून बोलतो. तो दोन वाक्यें अडखळत बोलला व परदेशी शिक्षिकेनें तीं समजून हंसून उत्तर दिलें, तर मुलांना कळतें कीं चुकलें तरी काम होतें. तिनें तेथेंच चूक काढली, तर मुलांना कळतें कीं गुरुजींसुद्धां चुकतात, मग आपण गप्प बसलेलें बरें. याचा परिणाम मी माझ्या डोळ्यांनीं पाहिला आहे.

तिसरी गोष्ट वाट पाहण्याची. आपल्याकडे प्रश्न विचारला कीं दहा हात वर होतात, आणि त्यांतील पांचांना उत्तर येत नसतें. जपानी वर्गांत प्रश्न विचारला कीं शांतता पसरते, आणि पुष्कळांना उत्तर येत असतें. चारचौघांत चुकण्याची लाज तेथें फार. नवा सहायक या शांततेस भितो, आपणच उत्तर सांगून टाकतो, आणि मुलांना कळतें कीं गप्प राहिलें म्हणजे उत्तर आपोआप येतें. यावर उपाय असा कीं प्रश्न आधीं जोडीजोडीनें एकमेकांस विचारूं द्यावा, मग चौघांत, मग वर्गांत. आणि विचारल्यावर मनांत दहा अंक मोजावे. पुतणी लिहिते कीं सातव्या अंकाला उत्तर येतें, परंतु पहिले महिनाभर ती पांचालाच धीर सोडीत असे.

चवथी गोष्ट भाषेची, आणि येथें मराठी माणसाला एक असें भांडवल आहे कीं ज्याची त्याला कल्पना नसते. 'मी भात खातों' याचें जपानी 'वाताशि वा गोहान ओ ताबेमास्' असें होतें. कर्ता आधीं, कर्म मध्यें, क्रियापद शेवटीं, अगदीं आपल्यासारखें. विभक्तीचें काम करणारे शब्द नामाच्या मागून येतात, तेही आपल्यासारखें. प्रश्न करावयाचा तर वाक्याच्या शेवटीं 'का' लावतात. हा योगायोग असला तरी मराठी कानाला मोठा गोड लागतो. थोरांशीं बोलतांना क्रियापद बदलतें. 'ए' आणि 'द' हीं इंग्रजी उपपदें त्यांच्या भाषेंत नाहींत, आणि आपल्याही नाहींत. अर्थात् जपानी मूल इंग्रजी वाक्य बनवितांना ज्या दगडाला ठेंच लागून पडतें, त्याच दगडाला आपण लहानपणीं पडलों. ज्याला इंग्रजी आईच्या दुधाबरोबर मिळाली त्याला तो दगड दिसतच नाहीं. आपल्याला तो कोठें आहे हें गुडघ्यावरच्या वणावरून सांगतां येतें.

उच्चारांतही असेंच. जपानींत अनुनासिक सोडलें तर शब्द व्यंजनान्त होत नाहीं, व जोडाक्षरें सोसत नाहींत. म्हणून 'मिल्क' चें 'मिरुकु' होतें. आपले जुने लोक स्टेशनला 'टेसन' व ग्लासाला 'गिलास' म्हणत, त्याचीच ही बहीण. र आणि ल यांचा भेद त्यांच्या कानाला कळत नाहीं. आमच्याकडे तर र, ल आणि ळ असे तीन आहेत. परंतु येथें गर्व करूं नये. इंग्रजींतील व्ही आणि डब्ल्यू या दोन अक्षरांचे उच्चार आपण एकाच 'व' मध्यें घालतों, आणि जीभ दांतांत धरून काढावयाचा ध्वनि आपण 'थ' नाहीं तर 'द' करून भागवितों. पुतणीनें जाण्यापूर्वीं तीन महिने हे दोन ध्वनि आरशापुढें घोटले. आपण शिकत आहों हें मुलांना दिसलें तर बिघडत नाहीं. आपल्याला येत नाहीं तेंच शिकविलें तर बिघडतें.

संस्कृताच्या अभ्यासकांस आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. जपानी मुलें आपली अक्षरमाला 'अ, इ, उ, ए, ओ' आणि मग 'क, स, त, न, ह, म, य, र, व' अशा क्रमानें शिकतात. हा क्रम आपल्या वर्णमालेचा आहे. 'प' च्या जागीं 'ह' दिसतो, कारण त्या वर्गाचा उच्चार प्राचीन काळीं 'प' सारखा होता असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. हें ज्ञान तेथें बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् लिपींतून गेलें. इ. स. ७३६ मध्यें बोधिसेन नांवाचा भारतीय भिक्षु जपानांत पोंचला. ७५२ मध्यें नारा येथील तोदाइजी मंदिरांतील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन-विधि त्याच्या हस्तें झाला. जपानी लोक त्यास 'ब्राह्मण आचार्य' अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. आमच्याजवळच कामठीला १९९९ सालीं जपानी साहाय्यानें उभें राहिलेलें ड्रॅगन पॅलेस मंदिर आहे. जाण्यापूर्वीं पुतणी तेथें जाऊन आली आणि म्हणाली, "काका, ते इतक्या दूर येऊन बांधून गेले, आणि आपण घाबरतों."

आतां मातोश्रींचा प्रश्न. जपानी प्राथमिक शाळांत, आणि बहुतेक माध्यमिक शाळांतही, दुपारचें जेवण मुलें व शिक्षक वर्गांतच एकत्र घेतात, मुलेंच वाढतात. तें जेवण सकस व स्वच्छ असतें, परंतु शाकाहारी माणसाला अवघड. कारण भाजीच्या रश्श्यांतसुद्धां सुकविलेल्या माशाचा अर्क असतो. तेव्हां रुजू होण्यापूर्वींच शाळेस स्पष्ट कळवावें, परवानगी घेऊन घरचा डबा न्यावा, आणि तो वेगळ्या खोलींत न खातां मुलांबरोबरच बसून खावा. अन्न वेगळें असलें तरी पंक्ति एकच असावी. मातोश्रींनीं दिलेलें मेतकूट आणि सांडगे पहिल्या तीन महिन्यांत संपले. आतां ती तेथील तांदूळ, भाज्या व येथून नेलेल्या डाळी यांवर नीट राहते. डब्यांत काय आहे हें विचारण्यासाठीं जीं मुलें जवळ आलीं, तींच तिच्याशीं प्रथम इंग्रजी बोललीं.

जेवणानंतर झाडलोट. जपानी शाळांत वर्ग, जिने, पुष्कळ ठिकाणीं शौचालयेंही मुलें स्वतः स्वच्छ करतात आणि शिक्षक त्यांत हात घालतात. हें पत्रांत वाचून बंधू पुन्हा चमकले. मीं त्यांना एवढेंच म्हटलें कीं हातीं झाडू घेऊन गांवें झाडीत फिरणारे गाडगे महाराज ज्या वऱ्हाडांत जन्मले, तें येथून कांहीं दूर नाहीं. पुतणीचा अनुभव असा कीं वर्गांत जें मूल तोंड उघडीत नाहीं, तें फडकें पिळतांना उघडतें. तेथें फळा नाहीं, गुण नाहींत, आणि ऐकायला चाळीस जण नाहींत.

भारताविषयीं मुलें काय विचारतात? हत्ती, मसालेदार कालवण, आणि पाढे. भारतीय मुलें एकोणिसापर्यंत पाढे पाठ करतात अशी जपानांत पुष्कळांची समजूत आहे. पुतणीनें तिसांपर्यंतचे पाढे आणि आपली पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांचा इंग्रजी अंकांच्या तासाला खेळ केला. लहानपणीं आजीनें उन्हाळ्याच्या सुटींत घोटून घेतलेली दिडकी जपानांत उपयोगी पडेल, असें दोघींपैकीं कोणासही वाटलें नसेल.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहींतर हा लेख जाहिरात होईल. माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षीं, पंधराव्या वर्षाच्या सुमारास, मुलांना हायस्कुलाची प्रवेश-परीक्षा असते. ती जवळ आली कीं संभाषण मागें पडतें आणि व्याकरण व उताऱ्यांचें वाचन तेवढें उरतें. तेव्हां सहायकाला पुष्कळदां केवळ धडा वाचून दाखवावयास उभें करतात. तेथील सहायक स्वतःला थट्टेनें 'बोलतें यंत्र' म्हणवून घेतात. ज्यानें एका तरुणाला असेंच यंत्र केलें होतें, त्या मला हें वाचून काय वाटलें असेल तें वाचक जाणतील. पुतणीला मीं लिहिलें, "पहिलें सत्र तक्रार करूं नकोस. वाचावयास सांगतील तें असें वाच कीं अर्थ आवाजांतूनच कळावा. मग पांच मिनिटें माग. पांच मिळालीं कीं तीं कधीं सहा होऊं देऊं नकोस." तिला दुसऱ्या सत्रांत पांच मिनिटें मिळालीं. आतां दहा मिळतात. पण तीं मुख्य शिक्षकांनीं आपण होऊन दिलीं आहेत.

आणखी एक शंका कित्येकांच्या मनांत असते. जपानी लोकांना इंग्रजी शिकवावयास इंग्रज-अमेरिकन असतां आपल्या मुलीला कोण विचारणार? ही शंका अगदींच निराधार नाहीं. कांहीं ठिकाणीं ती अडचण येते. परंतु योगेंद्र पुराणिक यांचें उदाहरण पाहावें. पुण्यांत शिकलेला हा मराठी गृहस्थ जपानांत स्थायिक झाला, तेथील नागरिक झाला, २०१९ सालीं तोकियोंतील एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आला, आणि पुढें इबाराकी प्रांतांत त्सुचिउरा येथील प्रांतिक हायस्कुलाचा २०२२ सालीं उपमुख्याध्यापक व २०२३ सालीं मुख्याध्यापक झाला. ज्या देशानें आपल्या हायस्कुलाची किल्ली एका मराठी माणसाच्या हातीं दिली, तेथें मराठी शिक्षिकेला खडू मिळणार नाहीं असें नाहीं. मात्र त्यासाठीं त्यांची भाषा आली पाहिजे. शिकवावयाची इंग्रजी असली, तरी सहायकानें जपानी शिकलीच पाहिजे. वर्गांत बोलण्यासाठीं नव्हे, तर मुख्य शिक्षकाचें व मुलांचें न बोललेलें ऐकूं यावें म्हणून. पुण्यांत रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणीं ती शिकण्याची सोय आहे. जाण्याचें मनांत येतांच आरंभ करावा, पत्र हातीं पडण्याची वाट पाहूं नये.

गेल्या महिन्यांत पुतणीचें जें पत्र आलें तें रात्रीं जेवणानंतर सर्वांसमोर वाचलें. एक मुलगी सबंध सत्रभर तिच्याशीं एक शब्दही बोलली नव्हती. एके दिवशीं जिना पुसतां पुसतां तिनें मान वर न करतां विचारलें, "यू... मदर... लोन्ली?" पुतणी लिहिते, "मीं वाक्य दुरुस्त केलें नाहीं. 'येस, व्हेरी,' एवढेंच म्हणालें, आणि आम्ही दोघींनीं जिना पुसून पुरा केला. संध्याकाळीं मुख्य शिक्षकांना सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तिचें नांव न घेतां तें वाक्य, पुरें करून, त्या तासाचें वाक्य म्हणून फळ्यावर लिहिलें, आणि सगळ्या वर्गानें तें मला विचारलें. तीही विचारीत होती."

पत्र संपल्यावर तिची आई उठून आंत गेली. थोड्या वेळानें बाहेर येऊन म्हणाली, "तिला लिहा, भावोजी, आतां तितकें वाटत नाहीं म्हणावें." बंधूंनीं पत्र पुन्हा मागून घेतलें आणि हुद्द्याविषयीं कांहीं बोलले नाहींत.

वाचकहो, तुमच्या घरचें कोणी या कामास निघालें तर जरूर पाठवा. पण त्याला दुय्यमपणाची लाज बांधून देऊं नका आणि पहिलेपणाचा अहंकारही देऊं नका. आणि जे माझ्यासारखे शिक्षक आहेत किंवा होते, त्यांस एक विनंती. आपल्या शाळेंत, कचेरींत, घरींसुद्धां, कोणी नवें माणूस जोडीला आलें तर त्याच्या हातीं केवळ फडकें देऊं नका. पुतणीचें पत्र आल्यावर मीं त्या तरुण शिक्षकाचा पत्ता काढण्याची खटपट आरंभिली आहे. अद्याप लागलेला नाहीं. लागला, तर काय लिहावयाचें तें ठरलेलें आहे. तें वाक्य लहान आहे, आणि त्यांत व्याकरणाची चूक होण्यासारखें कांहीं नाहीं.